उशिरा आलेल्या फॉर्मांची गोष्ट

मी चौथीपर्यंत शिकलो. बेंगळुरूच्या एका कॉलेजात मैदानावर चुन्याच्या रेषा मारायला लागलो आणि पंधरा वर्षांत तिथलं खेळखातं माझ्या हातात आलं. फिजिकल डायरेक्टर पाच बदलले, मी तोच. कुठल्या संघाला कुठली बस, पंचांचं जेवण कुठे, विद्यापीठाची मुदत कधी, सगळं डोक्यात. प्राचार्यही म्हणायचे, अण्णांना विचारा.

इंग्रजी मला वाचता यायचं नाही. हे कोणाला कळू दिलं नव्हतं. फॉर्म मी रंगावरून ओळखायचो. गुलाबी म्हणजे खेळाडूंच्या पात्रतेचे, ते मुदतीच्या आत विद्यापीठात गेलेच पाहिजेत. पिवळे प्रवासभत्त्याचे, ते माझ्या खणात राहायचे.

एका वर्षी विद्यापीठाने रंग उलटे केले. पत्र आलं असणार. पत्र मी कोणाकडून तरी वाचून घ्यायचो, ते राहिलं. कबड्डीच्या कप्तानाने बारा जणांचे दोन्ही फॉर्म भरून तीन दिवस आधी आणून दिले. मी गुलाबी पाठवले.

स्पर्धेच्या दिवशी संघाला मैदानाबाहेरच थांबवलं. पात्रतेचे फॉर्मच नाहीत. प्राचार्यांनी मला बोलावलं. मी म्हणालो, "कप्तानाने उशिरा आणले, साहेब." एवढंच. पुढचा विचार केला नव्हता.

कप्तान म्हणाला, "अण्णा, मी तुमच्या हातात दिले."

"कधी? पोच आहे का?"

पोच नव्हती. माझ्याकडून पोच घ्यायची पद्धतच नव्हती. खणातले पिवळे फॉर्म घरी नेऊन मी बंबात घातले. संघातली पोरं त्याच्याशी बोलेनाशी झाली, वर्षभर.

चार वर्षांनी कॉलेज सोडलं आणि राजाजीनगरात दोन शिलाई मशिनांवर खेळाडूंचे बनियन, चड्ड्या, नेट असं काम काढलं. कॉलेजं सगळी ओळखीची. धंदा वाढला. कप्तान तेव्हा एका दुकानात गठ्ठे बांधत होता. मी त्याला पहिला नोकर म्हणून घेतला. लोक म्हणाले, अण्णांचं मन मोठं. मी नाही म्हणालो नाही.

तो रोज अर्धा तास आधी यायचा. पुढे कारखान्याचा मॅनेजर झाला. आणि दर आयुधपूजेला, मशिनांना हार घातले, कुंकू लावून झालं, की मी सगळ्यांपुढे उभा राहून त्याची गोष्ट सांगायचो. हा कॉलेजात फॉर्म उशिरा आणणारा म्हणून बदनाम, आणि बघा, आज ह्याच्यावर घड्याळ लावा. लोक हसायचे. तोही हसायचा. कितीदा सांगितली कोण जाणे. सांगून सांगून मला ती खरीच वाटायला लागली होती.

गेल्या वर्षी तो साठ वर्षांचा झाला. निरोपाच्या आदल्या दिवशी माझ्या खोलीत आला. बसला नाही.

"अण्णा, उद्या ती गोष्ट नको."

"का रे? कौतुकच आहे ते."

"सूनबाई येणार आहे. तिच्या माहेरचे येणार आहेत."

"येऊ दे की."

"घरात मला फॉर्मवाले म्हणतात," तो म्हणाला. "विजेचं बिल भरायला विसरलो, की बायको म्हणते, चला फॉर्मवाले. मी लग्न झाल्यावर तिला खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, ज्यांनी तुम्हाला पोटाला लावलं ते खोटं बोलतील होय? एकदा वगळा. एवढंच मागतोय."

"बघू," मी म्हणालो. मला राग आला होता. कोणी काय बोलायचं ते मला सांगितलेलं मला आवडत नाही. अजूनही नाही.

दुसऱ्या दिवशी शाल दिली, डोक्यावर म्हैसुरी पेटा घातला. मी दोन वाक्यं बोललो आणि बसणार, तर मागून पोरं ओरडली, "अण्णा, फॉर्मची गोष्ट!" माझी मुलगी आता कंपनी बघते, तीही हसून म्हणाली, "अप्पा, सांगा ना, त्याशिवाय कसं?"

तो पहिल्या रांगेत बसला होता. हसण्यासाठी तोंड तयार ठेवलं होतं त्याने. ते मला दिसलं.

मी म्हणालो, "फॉर्म वेळेवर आले होते. चूक माझी. ह्याची नाही."

मग जोरात टाळ्या. शिट्ट्यासुद्धा. मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "काय सुंदर वळवलंत, अप्पा! स्वतःवर घेतलंत." मी म्हणालो, खरंच आहे. ती म्हणाली, हो हो.

जेवणाच्या पंगतीत तो माझ्या पानाशी वाकला. "कोणाला पटलं नाही, अण्णा." तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. भात पाहिजे का विचारावं तसं म्हणाला आणि पुढे गेला.

रविवारी सकाळी रिक्षा करून बनशंकरीला त्याच्या घरी गेलो. तो आणि त्याची बायको दोघंच होती. सून आणि मुलगा देवळात गेले होते. मी बसलो आणि तिला सांगितलं. रंग, खण, बंब, सगळं. आमचं बोलणं कन्नडात. मराठीत मला जमलं नसतं, आपल्या भाषेत जीभ अडते.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तेव्हाच का नाही बोललात?"

"वाचता येत नव्हतं. ते सांगावं लागलं असतं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पेपरच्या घड्या घालत होता. म्हणाला, "असू दे ग. सांगितलं ना त्यांनी."

"तुम्ही गप्प बसा." मग माझ्याकडे वळली. "सगळ्यांदेखत बोलत होतात ना इतकी वर्षं? आता एकेकाला सांगा. सून येईल अकरापर्यंत. तिच्या वडिलांनाही बोलावते, जयनगरलाच असतात."

"सरी, बरं," मी म्हणालो.

साडेनऊ झाले होते. मला वाटलं वाईट वाटेल, रडू येईल, हलकं तरी वाटेल. काहीच झालं नाही. पाय दुखत होते. कॉफी घेणार का, असं तिने विचारलं नाही. तिने फोन लावला. मी बसून राहिलो.