पेणहून रोहा, हवेतून किती?

तिकिटाच्या दुकानात माणूस गावाचं नाव सांगायला येतो आणि घरचं सगळं सांगून जातो. नव्वदच्या दशकात पेणच्या बाजारात मी आणि कदम विमानाची तिकिटं काढून द्यायचो, तेव्हा असे किस्से दिवसाला एक जमायचे. आम्ही दोघं स्वतः कधी विमानात बसलो नव्हतो. ते कुणी विचारलंही नाही.

रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीतले साहेब मुंबईहून राजकोटचं विमान पकडायला निघाले आणि नागोठण्याला आंबा नदीच्या पुरात अडकले. संध्याकाळी तिथूनच फोन आला, माझं विमान कुठं असेल?

कदमने खरं ते सांगितलं. राजकोटला जाऊन परत आलं, आता पुन्हा निघतंय.

"दोनदा? आणि मी इथंच?"

"साहेब, त्याच्या वाटेत आंबा नदी नाय ना."

मिठागरवाले तात्या भावनगरच्या मुलाकडे निघाले होते. विमान तासाभरात पोचतं म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला. जन्मात एकदा बसायचं, तर जरा सावकाश जाणारं विमान नाय का, म्हणाले. बघतो काय जमतं ते, म्हणून कदमने वेळ मारून नेली. नेमकं त्या दिवशी विमान बिघडलं आणि दुपारभर माणसांसकट जागेवर उभं राहिलं. बाकीचे भांडत होते. तात्या परत आल्यावर पोह्याचे पापड घेऊन दुकानात आले. कदमचा हात हातात घेऊन म्हणाले, "शब्द पाळलात."

एका वरपित्याला नवरदेव हेलिकॉप्टरने रोह्याला न्यायचा होता. पेणहून रोहा हवेतून किती? कदम म्हणाला, इथं बँडचं गाणं संपायच्या आत तिथं. वरपिता खूश झाले, मग विचारात पडले. वऱ्हाड तर एसटीने येणार. म्हणजे तोवर पोरगा मुलीकडच्यांत एकटा?

"नको," ते म्हणाले. "भोळा हाय तो. काय पण कबूल करून बसंल."

आणि एस्तेरमावशी. त्या रोह्याच्या, बेने इस्रायली ज्यू. धाकटी बहीण दीना पेणला दिलेली, पुढे इस्रायलला गेली. जाताना रोह्याला भेटायला आली नाही, म्हणून मावशींनी अबोला धरला. बऱ्याच वर्षांनी दीना आली आणि पेणच्या आपल्या जुन्या घरात उतरली. मी एवढ्या लांबून आले, रोह्याहून तिने यावं, असं तिचं म्हणणं. धाकटीनेच यायचं, असं मावशींचं. निरोप आमच्या फोनवरून जायचे.

दीना परत निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मावशी दुकानात आल्या. दीनाच्या घराला कुलूप होतं. तेवढ्यात फोन वाजला. दीना रोह्याहून बोलत होती, मावशींच्या घराला कुलूप आहे म्हणून.

कदमने रिसीव्हर मावशींच्या हातात दिला. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा त्या बहिणीशी बोलल्या. "तिथंच थांब, मी येते." पलीकडून दीनाही तेच म्हणत होती. दोघी ऐकेनात. शेवटी कदमने फोन काढून घेतला आणि दोघींना मधल्या नागोठण्याला यायला सांगितलं. मावशींबरोबर मी गेलो.

स्टँडवर दीना आधीच बसली होती. मावशी शेजारी टेकल्या. मग मावशींनी विचारलं, "विमानात जेवायला बरं देतात का गो?" दीनाने नुसती मान हलवली आणि डोळे पुसले.

एक एसटी लागली. दोघी हात धरून चढल्या. मी खिडकीशी गेलो, तर कंडक्टर कुठं जायचं विचारत होता.

"रोहा," दीना म्हणाली.

"पेण," मावशी म्हणाल्या.

"ही महाडला जाते."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मग दोन महाड द्या," मावशी म्हणाल्या.