गच्चीवरचा कुत्रा

आमच्या कामोठ्यात लॅब्रॅडॉरची पिल्लं देणाऱ्या एक काकू आहेत. पिल्लू मागायला गेलं की आधी त्यांची कुत्री आपल्याला हुंगते, मग काकू निरखतात. घर बघितल्याशिवाय त्या कुणालाच पिल्लू देत नाहीत. माझं घर दोनदा बघूनही त्यांचं "बघू" चालूच होतं.

एकदा मी गेले, तर त्या चपला घालून निघालेल्या. "चल माज्यासंगं." त्यांनी एका बिल्डरला दिलेला कुत्रा भर उन्हात गच्चीवर बांधलेला असतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

वॉचमनला न जुमानता त्या थेट गच्चीवर गेल्या आणि त्यांनी साखळी सोडली. बिल्डर धावत आला. "काकू, कुत्रा माझा आहे. पोलिसांना बोलवीन!"

"बोलव. त्यांनापन ह्याची मान दाखवते."

साखळीने मान सोलली होती. बिल्डर जिन्याच्या दारातून बाजूला झाला.

कुत्रा जिना उतरायला घाबरत होता. साठीच्या काकू उलट्या पावलांनी, त्याला चुचकारत, एकेक पायरी उतरल्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "पिल्लू ऱ्हाऊंदे. ह्याला नेशील?"

मी रिक्षावाल्याला माझ्या सोसायटीचं नाव सांगितलं.