टोकाला जोर किती

सन १९५८. माझं वय एकतीस, बेंगळूरच्या एका कानडी शाळेत मी अटेंडर, म्हणजे शिपाई. त्या साली कोल्हापूरकडचा एक विज्ञानाचा मास्तर आमच्याकडे वर्षभराच्या कच्च्या नोकरीवर आला. भेटेल त्याच्यासमोर खिशातला रबरी चेंडू वर उडवायचा आणि विचारायचा, "अगदी टोकाला गेला, तेव्हा त्याच्यावर जोर किती?"

मलाही विचारलं. माझ्या हातात भरलेली घागर.

"काही नाही. जोर संपला म्हणूनच खाली येतो."

"विचार करून सांगा, अण्णा."

मी चौथीत शाळा सोडली ती काय चेंडूचा विचार करायला?

शिकवायच्या आधीच परीक्षा घ्यायची ही याची खोड. म्हणे, "पोरांच्या डोक्यात आधीपासून काय आहे ते कळायला हवं." काय असणार? भात आणि सारू!

त्यात कानडी अर्धंकच्चं. 'बल' हा शब्द पोरांना जड जाईल म्हणून यानं आपल्या 'जोर'ला एक उकार चिकटवला. "मेले जोरु एष्टु?" वर जोर किती? सगळा वर्ग ओरडायचा, "सोन्ने, सार!" शून्य. की हा कपाळाला हात लावून धडा पुन्हा पहिल्यापासून. जूनपासून दिवाळीपर्यंत तो चेंडू काही खाली उतरला नाही.

हेडमास्तर वैतागले. म्हणाले, "इन्स्पेक्टर येतायत. ते 'सरी', बरोबर, म्हणाले तर ठेवतो, नाहीतर जा." इकडे यानं बायकोला आणायला खोलीसुद्धा बघून ठेवलेली.

इन्स्पेक्टर आले. मी कॉफी घेऊन दारात. प्रश्न झाला, सोन्ने झालं, मास्तर म्हणाला, "तप्पु!" चूक. इन्स्पेक्टरांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "जोरु म्हणजे काय गं?"

"बस जोरागि जाते, सार. तसं."

इन्स्पेक्टर हसले. "मेष्ट्रे, कानडीत जोरु म्हणजे वेग. मुलं बरोबर आहेत. तुम्हाला पाहिजे तो शब्द बल."

शहाणा माणूस म्हणाला असता, मुद्दामच विचारत होतो, साहेब. यानं वर्गापुढे हात जोडले! "नन्न तप्पु. चूक माझी." पोरांची माफी मागणारा मास्तर मी तोवर बघितला नव्हता, आणि बघायची हौसही नव्हती.

एवढ्यावर गप्प बसावं ना! लगेच, "टोकाला बल एष्टु?"

"सोन्ने, सार!"

इन्स्पेक्टरांनी मान डोलावली. "सरी."

हा त्यांच्याकडे वळला. "विचार करून सांगा, साहेब. भूमी ओढतेच की. टोकाला पोचला म्हणून सोडते होय?"

कॉफी तशीच राहिली. संध्याकाळी हेडमास्तरांनी याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मला विचाराल तर अजूनही शून्यच. पण साहेबाला तोंडावर असं विचारणारा गाढव पुन्हा काही आमच्या शाळेत आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची ट्रंक मीच डोक्यावर घेऊन स्टेशनापर्यंत गेलो. तो सारखा मागून म्हणत होता, "अण्णा, अर्धी वाट मी घेतो." मी दिली नाही.