चोरीचा मनीप्लांट

जिन्यातल्या माझ्या मनीप्लांटचा शेंडा आज पुन्हा कुणीतरी खुडला होता. माझा संशय समोरच्या काकूंवर. काका गेल्यापासून त्यांचं दार बंदच असायचं; हल्ली मात्र त्या जिन्यात उगाच रेंगाळतात. घरात हिरवं असलं की मन रमतं, असं माझी मुलगी म्हणते. मला ते कधी पटलं नाही. पानं कसलं मन रमवणार?

शेवटी काकूंचं दार वाजवलं. आत खिडकीत, पाण्याच्या बाटल्यांमध्ये माझीच पानं चमकत होती.

"मागितला असतात तर दिला असता की!"

"मागून नेलेला जगत नाही गं. चोरावाच लागतो," म्हणाल्या, आणि कितीतरी महिन्यांनी हसल्या.

पानांनी हसवलं की चोरीने, कोण जाणे. मी कुंडी त्यांच्या दाराकडे थोडी सरकवली आणि आत येऊन दाराच्या भिंगाला डोळा लावला.