बकऱ्याचे बूट

टेक्सासमध्ये एम.एस. करताना एक विषय विभागाबाहेरचा घ्यावा लागे. माझ्या वेळेत बसणारा एकच होता : शंभर वर्षांपूर्वीचे कार्टूनपट. नागपूरचा रूममेट म्हणाला, “कार्टून पाहून पास होणार बे तू.” मलाही तसंच वाटलं.

पहिल्याच तासाला एक मूकपट दाखवला. कोंबडी नदीवर मान लांबवून पूल करते आणि तिच्यावरून बकरा पलीकडे जातो. वर्ग खदखदून हसत होता. मी पहिल्या रांगेत बसून नोट्स घेत होतो. आमच्या तालुक्याच्या शाळेत गुरुजींसमोर दात दिसले की बाकावर उभं करत, ती सवय अंगात मुरलेली.

त्यावर निबंध लिहायचा होता. मी पट्टीने समास आखला आणि प्रस्तावना, कोंबडीचे गुण, कोंबडीचे दोष, तात्पर्य असं सगळं लिहिलं. तात्पर्य होतं, परोपकार हाच खरा धर्म. मोठ्या समाधानाने कागद दिला.

सी मिळाला. विषयात बीच्या खाली गेलो तर फी भागवणारी असिस्टंटशिप जाणार होती, आणि ती गेली की मीही घरी. शिकवणाऱ्या बाई आपल्याला नावाने हाक मारा म्हणत. मला ते आजवर जमलेलं नाही. मी म्हटलं, “मॅडम, काय चुकलं?”

“तुम्ही कुठे हसलात?” त्यांनी विचारलं.

“हसलो नाही, मॅडम.”

त्यांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. एकच पान लिहायचं, कुठे हसलो आणि का.

लायब्ररीत हेडफोन लावून मी तो मूकपट तीनदा पाहिला. मूकपटाला हेडफोन कशाला, हे रूममेटने विचारेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. हसू मात्र येईना. चौथ्यांदा दिसलं की कोंबडीच्या मानेवर पाय ठेवण्याआधी बकरा बूट काढतो, काठावर नीट जोडून ठेवतो आणि अनवाणी पलीकडे जातो. बूट अलीकडेच राहतात.

मी इतका मोठ्याने हसलो की शेजारची मुलगी उठून दुसऱ्या टेबलावर गेली.

मी अमेरिकेला निघालो त्या दिवशी मला विमानतळावर सोडायला भाड्याची गाडी आली, तेव्हा वडिलांनी गाडीच्या दाराबाहेर चपला काढल्या आणि ते आत बसले. एवढ्या स्वच्छ गाडीत चपला कशा न्यायच्या? चपला घरासमोरच राहिल्या, हे नाशिक मागे पडल्यावर कळलं. विमानतळावर मला निरोप दिला तो अनवाणी. त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं.

हे लिहिलं तर पान होणार होतं. पण वडिलांची गंमत परक्या वर्गात मांडायची, तर विचारायला हवं. फोन केला. बकऱ्याची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“त्याला बूट परत मिळाले का?”

“नाही. सिनेमा तिथेच संपतो.”

“मग लिही. माझ्याही गेल्याच,” ते म्हणाले. “पण त्या नव्या होत्या, तेही लिही.”

तेही लिहिलं. बी प्लस मिळाला आणि मी राहिलो. घरी कळवलं तेव्हा वडिलांनी विचारलं, पहिला कोण आला? इथे नंबर काढत नाहीत, असं मी सांगितलं. ते त्यांना अजून पटलेलं नाही.