भोईर भावजींची मटकी

समोरासमोर दारं असली की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. ते आपले पायपुसण्यावर येऊन बसतात. लोक मला भोचक म्हणतात. म्हणू देत! बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाची चावी, कोणाचं पार्सल, सगळं ठेवायला शेवटी माझंच दार वाजवतात ना?

गेल्या दिवाळीनंतर समोरच्या भोईर भावजींची शुगर वाढली. गोळ्या होत्याच. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने बघू. रिपोर्ट सुधारला नाही तर इन्सुलिन." भावजी अंगाने दणकट, अंबरनाथच्या कारखान्यात मशीनवर असतात, पण सुई म्हटली की चेहरा पांढरा! रक्त तपासायलासुद्धा वहिनींचा हात धरून बसतात. मग वहिनींनी डॉक्टरांना विचारून रोज डब्याला मोडाची मटकी सुरू केली.

* * *

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर भोईरांच्या सेफ्टी डोअरला पांढरं गाठोडं लटकलेलं. खालून पाणी ठिबकतंय! आधीच माणूस आजारी, त्यात दारावर हे कोण काय बांधून गेलं?

हाताने कशी शिवणार? किचनमधला चिमटा आणला आणि गाठ ओढली. पॅसेजचा बल्ब गेलेला. आत बारीक बारीक शेपट्यांचं काहीतरी! मी मूठभर मीठ-मोहरी आणून वर फेकली.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. "अहो ताई, माझी मटकी का उघडलीत? आत मुंग्या लागतात म्हणून इथे टांगली होती."

मी चिमटा ओढणीआड लपवला आणि गपचूप गाठ बांधून दिली.

भावजींना त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी त्यांचा आवाज आला, "आज उसळ झकास झालीय हां! मोहरी अशीच भरपूर घालत जा."

* * *

डिसेंबरात बदलापूरला थंडी पडली आणि मटकीला मोड येईनात. वहिनी रडकुंडीला आल्या. खालच्या मजल्यावर कमला आंटी राहतात. त्यांचं उल्हासनगर कॅम्प चारला कापडाचं दुकान. त्या म्हणाल्या, "अरे वहिनी, उसको गरमी दो ना! बाळाला झोपवतो तसं झोपव."

दुसऱ्या दिवशी पहाटे भावजी फिरायला निघाले, तर माकडटोपी सापडेना. घरभर शोधाशोध. शेवटी ओट्यावर सापडली, मटकीच्या पातेल्यावर कानापर्यंत ओढलेली.

"अगं, मी काय घालू?"

"तुम्ही जोरात चाला," वहिनी म्हणाल्या, "तिला चालता येत नाही!"

* * *

मग कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, कच्ची खाल्ली तर दुप्पट गुण. भावजींनी मोठी वाटी भरून कच्ची खाल्ली. नेमकी त्याच संध्याकाळी सोसायटीची मीटिंग! पाण्याच्या टँकरवरून आधीच जुंपलेली. भावजी मधेच उठून बाहेर गेले, आले. परत गेले, परत आले. तोंडातून शब्द नाही, चेहरा लालबुंद.

तिसऱ्यांदा उठले तेव्हा सेक्रेटरी घाबरला. "बसा हो भोईरसाहेब, रागावू नका! पहिला टँकर तुमच्या विंगला!"

दुसऱ्या दिवसापासून मटकी वाफवून. टँकर मात्र अजून आमच्याच विंगला पहिला येतो.

* * *

मटकी सुरू होऊन दीड महिना झाला असेल. मी वहिनींकडे चहाला बसले होते. भावजींच्या कारखान्यातल्या पवारच्या बायकोचा फोन आला. फोन स्पीकरवर.

"वहिनी, तुमचे उपकार! तुमच्या मटकीनं ह्यांचं पोट किती उतरलं! सगळ्या पँटी सैल झाल्या!"

भावजी रोज डबा पवारला देत होते आणि त्याचा वडापाव खात होते!

मला हसू फुटलं. वहिनी हसल्या नाहीत. "निम्मे दिवस गेले हो ताई," एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या. भावजी नुकतेच कामावरून आले होते, दारातच उभे. त्यांनी सगळं ऐकलं. बूट न काढता ओट्याकडे गेले, वाटीभर मटकी घेतली आणि उभ्या उभ्या संपवली. त्या दिवसापासून डबा रिकामा आला तरी वहिनी पवारच्या बायकोला फोन करून विचारायच्या, "आज पवारांनी काय खाल्लं?"

* * *

तीन महिने भरले. रिपोर्ट दाखवायला दोघं निघाले, मीही गेले. सोबत कोणी नको का? डॉक्टर रिपोर्ट वाचत होते आणि वहिनींनी माझं मनगट इतकं दाबलं होतं की बांगडी रुतली.

"छान! चांगलीच उतरलीय. इन्सुलिन नको. गोळ्या आणि पथ्य आहे तसंच चालू ठेवा."

वहिनींनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. माझेच डोळे भरून आले. भावजी खुर्चीतून उठेचनात.

बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळापाशी भावजींनी चपला काढल्या आणि कितीतरी वेळ हात जोडून उभे राहिले.

"काय बोललात देवाला?" वहिनींनी विचारलं.

"काल नवस बोललो होतो. सुई टळली तर खाण्यातली एक वस्तू जन्मभर सोडीन. आज सोडली."

"अगंबाई! मासळी सोडलीत?"

"नाही."

"जिलेबी?"

"ती डॉक्टरांनीच सोडवलीय."

"मग?"

भावजी चपलेत पाय घालत हळूच म्हणाले, "मटकी."

वहिनींनी देवाकडे पाहिलं. भावजींकडे पाहिलं. मग रिपोर्ट पर्समध्ये ठेवून चेन लावली आणि माझ्याकडे वळल्या.

"ताई, वाटेत वाण्याकडे थांबू. मूग घ्यायचेत."