बगळी आणि कुरवांचा खडक

माझ्या आत्याला बंदराचा सगळा धक्का बगळी म्हणायचा. उंच, काटकुळी, मान पुढे काढून चालणारी. कुणी तोंडावर म्हटलं तरी ती चिडायची नाही. "बगळी तर बगळी. कोंबडी म्हणत नाहीत हेच नशीब," म्हणायची आणि दोर सोडायला वाकायची.

आतोबा आजारपणात गेले आणि त्यांची मासेमारीची होडी तिच्याकडे आली. तिने जाळी काढली, बाकं ठोकून घेतली आणि लोकांना समुद्रातले पक्षी दाखवायला न्यायला लागली. नोकरीतून सुटी मिळाली की मी तिच्या सुकाणूवर बसायची.

हे तिच्या धाकट्या दिराच्या डोक्यात गेलं. त्याची स्वतःची होडी होती, पण थोरल्या भावाचीही आपल्यालाच मिळणार हे तो धरून चालला होता. "माझ्या भावाची होडी, आणि ही बया तिच्यात बसून पाखरं दाखवते!" असं धक्क्यावर उभं राहून ओरडायचा. एकदा त्याने तिच्या इंजिनात वाळू ओतली. एकदा तिची दुर्बीण दगडावर आपटली. आत्याने इंजिन खोलून धुतलं, दुर्बिणीला चिकटपट्टी लावली. त्याच्याशी मात्र एक शब्द बोलली नाही.

मग तो पक्ष्यांच्या मागे लागला. कुरव, ते पांढरे समुद्रपक्षी, त्याच्या जाळ्यातली मासळी पळवायचे, हे खरंच होतं. तो गळाला माशाचं डोकं लावून हवेत भिरकावायचा. कुरवाने झेपेत ते गिळलं की पतंग उतरवावा तसा त्याला खाली ओढायचा, पाय धरायचा आणि होडीच्या कडेवर आपटायचा. मेलेले डोलकाठीला टांगायचा. वाऱ्यावर त्यांचे पंख उघडमीट करत राहायचे.

किनाऱ्यापासून बऱ्याच आत एक खडक होता. विणीच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसायची. वरच्या सपाटीवर कुरव, खालच्या कपारींत छोटे सुरय, टोकावर पंख वाळवत बसलेले पाणकावळे. आत्या होडी अंतरावर थांबवायची आणि इंजिन बंद करायची.

त्या सकाळी आमच्या होडीत एक निवृत्त मास्तर होते, दोघी बहिणी होत्या आणि एक नवराबायको. आम्ही पोचलो तेव्हाच एका मोठ्या कुरवाने सुरयाचं पिल्लू उचललं. आईबाप त्याच्या डोक्यावर चोची मारत होते, पण त्याने मान झटकली आणि पिल्लू सगळंच्या सगळं गिळलं. गळ्यात ते हललेलं दिसलं.

"अहो, हाकला ना त्याला!" धाकटी बहीण कळवळली.

"कशाला? त्याच्याही घरी चोची वासून बसलेत," आत्या म्हणाली. "बघवत नसेल तर पाणकावळे बघा. ते सध्या शहाण्यासारखे बसलेत."

तेवढ्यात सगळा खडक एकदम उठला. आकाश पांढरं झालं आणि कान फाटतील असा कल्लोळ सुरू झाला. मी होडी वळवून पलीकडच्या अंगाला नेली. दिराची होडी खडकाला लावलेली होती. तो एकटाच वर होता आणि वल्ह्याने घरटी झोडपत होता. अंडी फुटत होती. उडता न येणारी पिल्लं कपारीकडे धावत होती, आणि तो त्यांच्यावर वल्हं आडवं मारत होता.

"भावजी! बास!" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आत्या त्याच्याशी बोलली.

त्याने वळून पाहिलं आणि हसला. पायाजवळचा एक मेलेला कुरव उचलून त्याने आमच्यावर भिरकावला. तो मास्तरांच्या तोंडावर आदळला. त्यांचा चष्मा फुटला आणि भुवईतून रक्त आलं.

"दाखव आता पाखरं!" तो ओरडला.

आत्याने होडी ओढायची आकडीची काठी उचलली. "जवळ घे," ती मला म्हणाली.

"आत्या, नको गं."

"जवळ घे म्हटलं ना!"

मी घेतली. तिने खडकावर उडी मारली. त्याने पहिलंच वल्हं तिच्या तोंडावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला होडीत ऐकू आला. ती गुडघ्यावर आली, तोंडातलं रक्त आणि दोन दात थुंकली, आणि उठता उठता आकडी त्याच्या मांडीत खुपसली. तो किंचाळला. वरून कुरव दोघांवरही तुटून पडत होते. कोण मारणारं आणि कोण वाचवणारं, हे त्यांना कुठे ठाऊक! दोघांच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं. त्याने तिचे केस धरले, तिने त्याचा अंगठा चावला. मग फुटलेल्या अंड्यांच्या चिकट्यावर त्याचा पाय सरकला आणि तो घसरत थेट पाण्यात गेला, खडक आणि त्याची होडी यांच्या मधोमध.

लाटेने होडी आत ढकलली. त्याचा उजवा हात खडकावर होता. कोपराखाली त्याचा चेंदा झाला.

आत्या खडकाच्या कडेला पालथी झाली, आकडी त्याच्या सदऱ्याच्या गळ्यात अडकवली आणि ओढू लागली. तिला एकटीला तो पेलेना. मी होडी पुढे घेतली, नवराबायकोतल्या नवऱ्याने वाकून त्याची कंबर धरली आणि आम्ही त्याला आत घेतलं. मास्तरांनी स्वतःचा पट्टा काढून त्याच्या दंडाला आवळला. परतीच्या वाटेवर दिराचं डोकं आत्याच्या मांडीवर होतं. तिचा जबडा लोंबत होता, बोलता येत नव्हतं. तो शिव्या देत होता. शिव्या थांबल्या की ती त्याच्या गालावर चापट मारून त्याला जागं करायची.

हात गेला. पोलिसांनी होडीतल्या सगळ्यांचे जबाब घेतले आणि दोघांवरही खटला भरला. त्याला तुरुंगवास झाला. आत्याला कोर्टाने समज देऊन सोडलं. दिराची बायको आत्याच्या दारात आली आणि तिला वाट्टेल तसं बोलली. आत्याचा जबडा तारांनी बांधलेला होता. उत्तर देता येत नव्हतं, म्हणून तिने ऐकून घेतलं. सासू मात्र उठून आत्याकडेच राहायला आली. "एक पोरगा गेला, एकाने हात घालवला. निदान तू तरी घरी बस," असं म्हणायची. आत्या बसली नाही. जबडा सुटला त्याच आठवड्यात ती समुद्रावर गेली.

खडकावर कुणी नव्हतं. पुढच्या विणीलाही कुरव तिथे आले नाहीत. तिला ते फार लांब, दुसऱ्या एका सुळक्यावर सापडले.

मी एकदा तिला विचारलं, "आकडी खुपसलीस तेव्हा त्याला मारायचंच होतं?"

"मारायचंच होतं," ती म्हणाली. दात गेल्यापासून तिचे शब्द शीळ घातल्यासारखे निघतात.

"मग बाहेर का काढलंस?"

तिने मान पुढे काढून माझ्याकडे पाहिलं. "बुडत होता ना तो," ती म्हणाली, आणि मला इंजिन सुरू करायला सांगितलं.